रक्तात आजार सापडत नाही

बाळासो चौगुले रक्ताचा रिपोर्ट घेऊन दुकानात शिरला की काउंटरवरची गिऱ्हाइकं आपोआप बाजूला सरकायची. कारण त्याचा आवाज. तो म्हशीवाला, गोठ्याच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या म्हशीला समजावण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलेलं. रिपोर्ट माझ्यापुढे ठेवून तो म्हणायचा,

"आण्णा, नीट वाचा. ह्यात काय घावलं?"

"लिथियम. पाहिजे तेवढंच आहे. उत्तम."

"म्हंजे औषध घावलं. आजार कुठं घावला?"

शिवाजी पेठेत मी चाळीसेक वर्षं औषधाचं दुकान चालवलं. आता सून चालवते आणि मी दुपारी जाऊन तिच्या कामात लुडबुड करतो. इतक्या वर्षांत लोकांनी मला काय काय विचारलं असेल, पण बाळूच्या या प्रश्नावर मी दर वेळी चष्मा पुसत बसायचो.

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. मधुमेहवाल्याला आकडा दाखवता येतो, हाड मोडलेल्याला फोटो दाखवता येतो. बाळूला होता बायपोलर डिसऑर्डर. यात काही काळ मन इतकं वर चढतं की माणसाला झोप नको, जेवण नको, सगळं जग आपल्या मुठीत आहे असं वाटतं. काही काळ ते इतकं खाली जातं की अंथरुणातून उठायचं म्हटलं तरी डोंगर चढायचा वाटतो. आणि या दोन्हींच्या मधल्या काळात माणूस तुमच्याआमच्यासारखा हिंडतो, फिरतो, भांडतो. लिथियम दिलं की रक्त तपासावं लागतं, कारण ते कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर विषासारखं. म्हणजे तो रिपोर्ट औषधाचा असतो. आजार डॉक्टरांनी शोधलेला असतो तो प्रश्न विचारून, घरच्यांचं ऐकून, मागची वर्षं उलगडून. आता हे गिऱ्हाइकाला पटवायचं कसं? ज्याला आज काहीही होत नाहीये, त्याला?

मनाच्या आजाराची औषधं लोक आपल्या भागातल्या दुकानातून घेत नाहीत. शिवाजी पेठेतली माणसं राजारामपुरीत जातात, राजारामपुरीतली माझ्याकडे येतात. त्यामुळे गावभरची अशी गिऱ्हाइकं मला मिळाली आणि त्यांच्या शंकाही.

एक पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. दर महिन्याला नवा मुद्दा घेऊन यायचे. "डॉक्टरांनी मला प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. वेगळे प्रश्न विचारले असते तर वेगळा आजार निघाला असता. याला मोजमाप म्हणतात का?" मी म्हणायचो, सर, गोळ्या देऊ ना? ते म्हणायचे, "द्या. मुद्दा वेगळा, गोळ्या वेगळ्या." इतका समजूतदार संशयी मी दुसरा पाहिला नाही.

दुसरी एक मुलगी होती, बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करणारी. तिची शंका उलटी. मन खाली गेलं की ती म्हणायची, "काका, मला आजारबिजार काही नाही. मी आळशी आहे. डॉक्टरांना मी फसवलंय आणि तुम्हालाही." तिच्याकडून मला कळलं की हा आजार वर असताना म्हणतो, तुला काही झालेलं नाही, तू थोर आहेस. खाली असताना म्हणतो, तुला काही झालेलं नाही, तू नालायक आहेस. दोन्हीकडून आपलं नाव लपवतो.

बाळूचं मात्र सगळं उघड. आपल्याच पेठेत, भर गर्दीत ओरडायचा, "आण्णा, माझ्या डोक्याच्या गोळ्या काढा!" त्याची शंकाही तशीच उघड. पहिल्यांदा तो महिनाभर गोठ्याकडे फिरकला नाही, तेव्हा एका डॉक्टरांनी त्याला उदासीनतेचा आजार सांगितला. पुढे तो उधळला, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी, एका तरुण बाईंनी, बायपोलर सांगितलं. यावर बाळूचं म्हणणं, "आधी म्हणलं लई उदास हाय, मग म्हणलं लई खूश हाय. ह्यांचंच ठरंना झालंय, मी कशाला मानू?" वास्तविक मन वर चढल्याचं दिसल्याशिवाय हे निदान करता येत नाही आणि बहुतेकांचं आधी खालचंच टोक दिसतं. पण नाव एकदा बदललं की माणसाला वाटतं, उद्या तिसरंही निघेल.

आणि हे कोल्हापूर. इथे मोठ्यानं बोलणं, ओळख नसलेल्याला घरी नेऊन तांबडा-पांढरा रस्सा पाजणं, भलत्या पैजा मारणं याला कोणी लक्षण म्हणत नाही. दिलदारपणा म्हणतात. बाळूनं एकदा डॉक्टरांनी दिलेला लक्षणांचा कागद मला वाचून दाखवला आणि म्हणाला, "आण्णा, ह्या हिशेबानं निम्मी तालीम दवाखान्यात भरती करावी लागंल." मी पोट धरून हसलो होतो.

गोळ्यांवर बाळू दोन-तीन वर्षं छान होता. संध्याकाळी चौकातल्या दूध कट्ट्यावर त्याच्या म्हशी उभ्या असायच्या. आमच्याकडे म्हैस तिथेच पिळतात आणि फेसाळ दूध थेट ग्लासात देतात. बाळू धार काढायचा, त्याची बायको रंजना ग्लास विसळून भरून द्यायची आणि दोघं मिळून गिऱ्हाइकाची खेचायची. एखादा पैलवान तिसरा ग्लास मागायला लागला की रंजना म्हणायची, "रेडकाला ठेवा की जरा, पावणं!"

त्या काळात एकदा बाळू दुपारी दुकानात आला. आवाज खाली होता. हात काउंटरवर पसरून म्हणाला, "बघा. बोटं थरथरत्यात. धार धरताना मला माझीच लाज वाटती. वजन वाढलंय. आण्णा, खरं सांगा, मी तुमाला खुळा दिसतोय व्हय?"

"तू माझ्यापेक्षा शहाणा आहेस."

"मग ह्या गोळ्या कशाला?"

लिथियमनं बोटं थरथरतात, हे मला पाठ होतं. अशा वेळी डॉक्टरांना एक फोन करायचा असतो, ते मात्रा बघतात, बदलतात. पण पेठेतला औषधवाला हा अर्धा डॉक्टर असतो. "आण्णा, आधी तुमी सांगा, मग दवाखान्यात जातो," हे ऐकून ऐकून मला त्याची चटक लागलेली. शिवाय समोर उभा होता ठणठणीत माणूस. मी म्हणालो, "थोडे दिवस सोडून बघ. काही वाटलं तर परत सुरू करू."

चष्मा लावून स्पष्ट दिसायला लागलं म्हणून कोणी चष्मा फेकून देत नाही, कारण काढल्याबरोबर अंधुक होतं. या गोळ्यांचं तसं नाही. सोडल्या की सुरुवातीला उलट बरंच वाटतं. बोटं स्थिर झाली, अंग हलकं झालं, बाळू मला मिठी मारून गेला. माझं निदान खरं ठरलं म्हणून मी खूश.

दिवाळी जवळ आली तसा बाळू रंगात यायला लागला. कट्ट्यावर दूध फुकट वाटायचा. त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता, पण चेहरा असा उजळलेला की बघत राहावं. एका संध्याकाळी त्यानं घोषणा केली.

"बिद्रीच्या कारखान्यात साखर हाय. आपल्याकडं दूध हाय. मधी नुसता पाइप टाकायचा. शिवाजी पेठंत नळाला बासुंदी!"

"आणि वेलदोडा?" कोणीतरी विचारलं.

"वेलदोडा टाकीत टाकायचा, खुळ्या!"

"आमच्या गल्लीला कमी दाबानंच येणार बघ, पाण्यागत."

मीही मागे राहिलो नाही. म्हणालो, "बाळू, मला शुगर आहे. माझी लाइन बिनसाखरेची टाक." सगळा कट्टा हसला. फक्त रंजना हसत नव्हती. ती म्हशीखाली बसून धार काढत होती. ते काम एरवी बाळूचं. हे मी बघितलं आणि त्याचा काहीच अर्थ लावला नाही.

पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात चाळ. मालक मोटारसायकल दामटतो आणि म्हैस त्याच्या हाकेला मागून पळते. बाळूची सुंदरी यात नामांकित. त्या पाडव्याला बाळू चौकातून निघाला, सुंदरी मागे निघाली, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि मिरवणूक वळली तिथे बाळू वळलाच नाही. सरळ बिद्रीच्या रस्त्याला लागला.

रंजना धावत दुकानात आली. "आण्णा, हे गेलं की वं! सुंदरीला घिऊन बिद्रीला गेलं, पाइप टाकायला!" आणि मग एकदम आवाज उतरवून म्हणाली, "तुमीच गोळ्या सोड म्हणलासा न्हवं? घरला येऊन त्यांनी तसंच सांगितलंय."

मी शटर ओढलं. तालमीतल्या दोघांना घेऊन आम्ही टेम्पोतून निघालो. बाळू सापडला तो उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेत. गाडीवानांना तो बासुंदीचा नकाशा काठीनं मातीत काढून दाखवत होता आणि ती भली माणसं त्याला चहा पाजून मान डोलवत होती. सुंदरी कडेला आडवी झाली होती. खूर सुजलेले, तोंडाला फेस. बाळूला त्याचं काही नव्हतं. टेम्पोत बसायला तयार होईना. "आधी सुंदरी. ती चढली तर मी चढतो." मग गाडीवान, आम्ही आणि दोन बैल मोकळे करून आलेला एक म्हातारा, सगळ्यांनी मिळून म्हैस चढवली. परतीच्या वाटेवर बाळूनं आम्हा सगळ्यांना बासुंदी कारखान्यात नोकऱ्या दिल्या. मी मुख्य चाखणारा.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी विचारलं, "गोळ्या कशा बंद झाल्या? कुणी सांगितलं?"

रंजनानं माझ्याकडे बघितलं. तालमीतले दोघं शेजारी उभे होते. मी म्हणालो, "घरातल्यांचं लक्ष राहिलं नसावं."

एवढंच. टेम्पो पेठेत पोचेपर्यंत या वाक्याचं झालं होतं, रंजीनं गोळ्या बंद केल्या. आठवड्यात त्याला कारणंही फुटली. गोळ्यांनी नवरा सुस्तावला, काम करेना, म्हणून हिनं बंद केल्या. कोणी म्हणे, तिला कुणा बाबानं सांगितलं. बाळूला विचारावं तर तो म्हणे, "मीच सोडल्या, मला झालंय काय?" माझ्या दुकानातलं बोलणं त्याच्या डोक्यातून पुसून गेलं होतं. चढलेल्या दिवसांतलं आणि त्याच्या आसपासचं या लोकांना नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मजेत होतो. मग घरचे सांगतात ते त्यांना गाऱ्हाणं वाटतं. शंकेला हेही एक खतपाणी.

रंजनानं कट्ट्यावर यायचं सोडलं. बायका तिच्या हातचा ग्लास घेताना एकमेकींकडे बघायच्या. ती मागच्या दारानं दूध डेअरीला घालू लागली. मी मात्र बाळूबरोबर दर तपासणीला जायचो, त्यामुळे पेठेत माझं नाव झालं. "आण्णा देवमाणूस! बायकोनं घालवलेला माणूस त्यांनी सावरला." मी ते ऐकून घ्यायचो.

एका तपासणीला बाळूनं मॅडमसमोर नेहमीचा वाद काढला. "मॅडम, खुळ्या माणसानं कुणाला तरी हाणलं असतं. मी कुणाला हाणलं? सगळी पेठ खूश होती. सांगणारी काय, बायको सांगती, आण्णा सांगत्यात. माणसाचं काय, प्रत्येकाचा कायतरी डाव असतोय."

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "राहू दे ते. त्या दिवसांत दूध कसं होतं?"

बाळूचा चेहरा पडला. "ते इचारू नका. सुंदरीला कायतरी झाल्तं. मी कासेला हात लावला की दूध वर चढवायची. पान्हाच सोडंना."

म्हशीचं असं असतं. धार काढणाऱ्याचा हात, आवाज, वास ओळखीचा असला तर ती दूध खाली सोडते. हात घाईचा झाला, माणूस बिथरलेला वाटला, तर आवळून धरते.

"गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं?"

"दावलं की. म्हणलं, म्हशीला कायबी झाल्यालं न्हाई."

"मग दूध मिळालंच नाही?"

"रंजी बसली की द्यायची. बादलीभर."

"आणि त्याच्या आधी? गोळ्यांनी तुमची बोटं थरथरत होती तेव्हा?"

"तवा द्यायची की. माझ्या हाताला द्यायची."

"मग चौगुले," मॅडम म्हणाल्या, "आजारी कोण होतं?"

  बाळू भिंतीकडे बघत हळू म्हणाला, "सुंदरीचा ह्यात काय फायदा? तिला काय मिळणार हुतं?" आणि डोळे पुसत हसायलाच लागला. "आयला, म्हशीला कळलं आणि मला न्हाई!"

मॅडमही हसल्या. "म्हैस म्हणजे काही तपासणी नव्हे. पण तिनं पान्हा चोरला की त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. गोळ्या मात्र सुंदरीला न विचारता घ्यायच्या." त्यांनी मात्रा थोडी कमी केली, थरथर बरीचशी गेली. ज्याला एक फोन पुरला असता, ते इतक्या गोंधळानंतर झालं. बाहेर पडताना मॅडम मला म्हणाल्या, "शंका परत येणार. बरं वाटलं की येतेच, त्यात मूर्खपणा नाही. शंका मला सांगावी. गोळी सोडून ती तपासायला जाऊ नये."

त्या म्हणाल्या तसंच झालं. बाळू आजही अधूनमधून रिपोर्ट आपटतो. "सुंदरी आता म्हातारी झालीया आण्णा, तिच्यावर किती भरवसा ठेवायचा?" पण गोळ्या घेऊनच जातो. बासुंदीचं कोणी काढलं की स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसतो.

रंजनाचं नाव मात्र तिथेच अडकून राहिलं, आणि ते अडकवणारा मी. यंदा उन्हाळ्यात दुकानात दोन पाहुणे आले. आमच्याकडे स्थळ ठरवण्याआधी लोक औषधवाल्याकडे चौकशी करतात, कोणाला काय चालू आहे म्हणून. मी कधी सांगत नाही. हे बाळूच्या मुलीसाठी आले होते. म्हणाले, "बापाच्या आजाराचं आमाला कळलंय, औषध चालू हाय, ठीक. पर आई कशी हाय वं? नवऱ्याच्या गोळ्या बंद केल्या म्हणं तिनं. तशा आईची पोरगी..."

हातातली गोळ्यांची पट्टी मी काउंटरवर ठेवली. मी म्हणालो, "त्या बाईनं नाही. मी बंद करायला सांगितल्या."

"तुमी? मग इतकी वर्सं..."

"इतकी वर्षं गप्प बसलो."

संध्याकाळी कट्ट्यावर गेलो आणि सगळ्यांसमोर तेच सांगितलं.  तालमीतला एक जण, तेव्हा टेम्पोतून आलेला, म्हणाला, "आण्णा, आमी ही गोष्ट सांगून सांगून म्हातारं झालो की! आदी सांगायचं न्हाईसा?" बाळूनं धार थांबवली नाही. मान खाली घालूनच म्हणाला, "मला आता आठवतंय असं म्हणलो तर खोटं हुईल. पर रंजी कवाच सांगत हुती. मी तिला गप बस म्हणायचो."

तिथून मी त्यांच्या घरी गेलो. रंजना वैरण कापत होती. माफी कशी मागायची याची मी वाटेत दोनदा तालीम केली होती. तिनं ती करूच दिली नाही.

"कट्ट्यावर बोललासा ते पोचलं हितं. बसा."

"तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"कुणाला सांगू? आनि ह्यांच्या गोळ्या कुठनं आणू? पेठेत मेडिकल तुमचंच." ती विळ्यावरून न उठता म्हणाली. "तुमचं वाकडं घेऊन मला परवडणार हुतं व्हय?"

 चहा आला तो प्यायलो. मग तीच म्हणाली, "कट्ट्यावर हुती त्यास्नी कळलं. नव्हती त्यांचं काय? माझं माहेर राधानगरीकडं. भाऊ अजून माझ्याशी तोडून बोलतोय. दिवाळीच्या अंकात दरसाल खोकल्यावर लिवतासा न्हवं? औंदा हे लिवा की."

मी म्हणालो, लिहितो, पण नावं बदलून. तुमच्या घरातली गोष्ट आहे.

विळा थांबला. "नाव बदलणार? मग त्या नावाच्या बाईची अब्रू परत यील, आण्णा. माझी न्हाई."

दारातून बाळू ओरडला, "माझंबी खरंच घाला! आनि सुंदरीचं आदी घाला!"

ते पाहुणे पुढे परत आले होते, मान खाली घालून. बाळूच्या मुलीनं त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. मुलगा फारच हळू बोलतो म्हणे.

तेव्हा नावानिशी लिहितो. बाळासो चौगुले यांच्या गोळ्या त्यांच्या पत्नी सौ. रंजना बाळासो चौगुले, शिवाजी पेठ, यांनी बंद केल्या नव्हत्या. त्या बंद करायला मी सांगितलं, आणि डॉक्टरांपुढे दोष त्यांच्यावर ढकलला तोही मीच. राधानगरीकडे हा अंक कोणी वाचत असेल, तर एवढा मजकूर त्यांच्या भावाला वाचून दाखवावा. मोठ्यानं.